हरणाच्या गोळीची कुळकथा

लहान नळीच्या रायफलीतून हरीण टिपायचे तर गोळी कोणती घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर जगभर जवळपास एकच मिळते: टोकाशी शिसे उघडे असलेली किंवा टोक पोकळ असलेली, म्हणजे अंगात शिरल्यावर पसरणारी गोळी. ही गोळी आली कुठून, असे विचारले की बोट कलकत्त्याजवळच्या डमडमकडे जाते. तिथल्या लष्करी कारखान्यात १८९०च्या दशकात ती घडली, पुढे युद्धात तिच्यावर बंदी आली आणि लष्कराने टाकलेली वस्तू शिकाऱ्यांनी उचलली, अशी ही वंशावळ सांगितली जाते. माझ्या मते ती उलटी लिहिलेली आहे. पसरणारी गोळी आधी शिकाऱ्यांची होती, लष्कराने ती मागाहून उचलली. आणि या क्रमाचा एक महत्त्वाचा साक्षीदार बंगालात नाही, तर इंदूरच्या दक्षिणेला, नर्मदेपलीकडच्या निमाडात सापडतो.

महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, १८१८च्या जानेवारीत मंदसौरचा तह झाला आणि त्याच वर्षी इंदूरपासून काही कोसांवर महूची छावणी उभी राहिली. माळव्याचे पठार, विंध्याचे उतार आणि नर्मदेचे खोरे यांत चितळ, सांबर, काळवीट, भेकर यांची रेलचेल होती. होळकरांची शिकारही याच मुलखात चाले; राळामंडळची टेकडी ही त्यांची राखीव शिकारगाह. या प्रदेशात नोकरीला आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांत कॅप्टन जेम्स फोरसाइथ हे नाव बंदुकीच्या इतिहासात ठळक आहे. तो निमाडचा सेटलमेंट ऑफिसर आणि डेप्युटी कमिशनर होता. मध्य भारताच्या डोंगरी मुलखावरचे त्याचे पुस्तक १८७१ साली निघाले आणि अजूनही वाचले जाते. त्याआधी, १८६०च्या दशकात, त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. त्यातली त्याची तक्रार साधी आहे. सैन्याने उचललेली लांबट, टोकदार शिशाची गोळी दूरवर जाते खरी, पण तिचा मार्ग कमानीसारखा वाकडा असतो, म्हणून अंतराचा अंदाज थोडा चुकला की नेम चुकतो. शिवाय ती जनावरातून आरपार निघून जाते आणि जनावर जखम घेऊन पळते. त्याने सुचवलेला उपाय असा: मोठ्या व्यासाची गोल गोळी, नळीच्या आट्यांना अगदी सैल पीळ आणि दारूचा भरपूर बार. पीळ घट्ट असेल तर मोठ्या बाराने गोळी आट्यांवरून घसरते. सैल पिळात ती टिकते, वेग मिळतो आणि मार्ग सरळ होतो. उपाय आज जुना झाला आहे. पण गोळीने किती दूर जावे यापेक्षा जनावराच्या अंगात गेल्यावर काय करावे हा प्रश्न त्याने मध्यभागी आणला, आणि पुढचे सगळे संशोधन त्याच प्रश्नाभोवती फिरत राहिले.

त्याच्या थोडे आधी, १८५०च्या दशकात, लंडनच्या पर्डी यांनी वेगवान आगगाडीचे नाव घेऊन ‘एक्स्प्रेस’ रायफली विकायला सुरुवात केली होती. या धर्तीच्या रायफलींत हलकी, वेगवान शिशाची गोळी असे आणि पुढे तिच्या टोकात पोकळी ठेवण्याची पद्धत रूढ झाली. आपटताच ती पोकळी फाकते, गोळी छत्रीसारखी उघडते, जखम रुंद होते आणि गोळीतली सगळी ताकद जनावराच्या अंगातच खर्ची पडते. हिंदुस्थानातल्या शिकारी अधिकाऱ्यांच्या हातात ही बंदूक डमडमच्या गोळीच्या कितीतरी आधी आली. आणखी एक शाखा स्फोटक गोळीची होती. सिंधमध्ये जनरल जॉन जेकबने रायफलीतून उडणारी, आपटताच फुटणारी गोळी तयार केली होती. १८६८च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने चारशे ग्रॅमखालच्या स्फोटक गोळ्या युद्धातून बाद केल्या आणि ती शाखा तिथेच खुंटली. पोकळ टोकाची शाखा मात्र वाढत राहिली.

मग नळी लहान झाली. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएयने धूर न करणारी दारू बनवली आणि १८८६ मध्ये आठ मिलिमीटरची लेबेल रायफल आली. ब्रिटिश सैन्याची मार्टिनी-हेन्री सुमारे साडेअकरा मिलिमीटरची होती. तिची ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅमची, शिशाची गोळी सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास जाई. १८८८च्या ली-मेटफर्डची नळी ७.७ मिलिमीटरवर आली, गोळी २१५ ग्रेनची झाली आणि कॉर्डाइट दारू आल्यावर वेग सहाशे मीटरच्या घरात गेला. नेमकी इथे अडचण उभी राहिली. एवढ्या वेगाला नुसते शिसे आट्यांत टिकत नाही. खरवडले जाते, नळीला चिकटते. म्हणून स्वित्झर्लंडच्या एदुआर्द रुबिनने दाखवलेल्या वाटेने गोळीला तांबे-निकेलचे कवच चढवले गेले. कवचाने गोळी टिकली, पण तिचे पसरणे संपले. आता ती लहानही होती आणि कठीणही. शरीरातून सुईसारखी पार निघून जाई. लहान नळीच्या गोळीचा सगळा पेच या एका ठिकाणी आहे, आणि कॅलिबरच्या आकड्यांवर वाद घालणारे बहुधा नेमके हेच विसरतात.

वायव्य सरहद्दीवरच्या १८९५च्या चित्राळ मोहिमेत हाच पेच सैन्यापुढे आला. गोळी लागूनही समोरचा माणूस थांबत नाही, अशी तक्रार झाली. डमडमच्या कारखान्याचा अधिकारी कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने कवचाचे टोक काढून तिथे शिसे थोडेसे उघडे ठेवले आणि ती गोळी १८९७-९८च्या तिराह मोहिमेत वापरली गेली. वुलिचच्या कारखान्याने पोकळ टोकाच्या गोळ्या काढल्या. १८९९च्या जुलैत हेगच्या परिषदेने शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्यांविरुद्ध जाहीरनामा काढला. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात राहिले; ब्रिटनने तो १९०७ मध्ये मान्य केला. या वादातली एक गोष्ट माझ्या मुद्द्याला फार उपयोगी आहे. ट्युबिंगनचे शल्यविशारद पॉल फॉन ब्रुन्स यांच्या प्रयोगांतल्या भीषण जखमांचा दाखला परिषदेत दिला गेला, तेव्हा ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी उत्तर दिले की ते प्रयोग डमडमच्या गोळीवर झालेलेच नाहीत. वापरलेली गोळी शिकारीची होती आणि तिच्यात उघडे शिसे कितीतरी जास्त होते. म्हणजे उघड्या शिशाची शिकारी गोळी तेव्हा युरोपात स्वतंत्रपणे नांदत होती, आणि डमडमची गोळी तिच्या मानाने सौम्य होती. तेव्हा डमडम ही या घराण्याची आई नव्हे, धाकटी चुलत बहीण म्हणावी.

यावर गंभीर आक्षेप येतो: जी गोळी माणसांवर चालवणे क्रूर ठरले, ती जनावरावर चालवणे दयेचे कसे? आक्षेप टाळण्यासारखा नाही. पण दोन्हीकडचे हेतू वेगळे आहेत. युद्धाच्या कायद्याचे गृहीतक असे की शत्रूला लढण्यास असमर्थ करणे पुरे. जखमी सैनिकाला उचलून नेणारे, उपचार करणारे असतात, म्हणून भरून न येणारी जखम ही विनाकारण दिलेली वेदना ठरते. जखमी हरणाला उचलणारे कोणी नसते. कठीण गोळी फुप्फुसातून बारीक भोक पाडून गेली तर चितळ कोसभर पळते, झुडपात पडून तासन्‌तास मरते, आणि रक्ताचा माग इतका थोडा राहतो की ते सापडतही नाही. सहा मिलिमीटरची गोळी पसरून बारा मिलिमीटरची झाली तर तिचे क्षेत्रफळ चौपट होते आणि मरण काही सेकंदांवर येते. म्हणूनच ज्या ब्रिटनने हेगचा जाहीरनामा मान्य केला, त्याचाच हरणांविषयीचा कायदा रायफलीची गोळी मऊ किंवा पोकळ टोकाची असलीच पाहिजे असे सांगतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये बहुतेक हरणांसाठी किमान .२४० इंच नळी आणि १७०० फूट-पौंड ऊर्जा लागते. भेकराच्या जातीच्या लहान मुंटजॅकसाठी .२२० इंच, ५० ग्रेन आणि १००० फूट-पौंड चालते. ही बंधने जनावराला मरताना कमी सोसावे लागावे म्हणून आहेत.

मात्र पसरणे म्हणजे चांगलेच, असे मानणेही चूक. १९१२ मध्ये चार्ल्स न्यूटनच्या आराखड्यावरून अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीने .२२ हाय-पॉवर रायफल आणली: ७० ग्रेनची, साडेचार ग्रॅमची चिमुकली गोळी, वेग सेकंदाला साडेआठशे मीटर. चीनमध्ये एका मिशनऱ्याने तिने वाघ मारले आणि तिचा फार बोलबाला झाला. पण मोठ्या जनावरावर तिचा भरवसा नव्हता. पातळ कवचाची वेगवान गोळी खांद्याच्या हाडावर आपटली की वरच्यावर फुटे, जखम भयंकर दिसे पण आत पोचत नसे. लहान कॅलिबरला दोन बाजूंनी मार बसतो: फार कठीण गोळी आरपार जाते, फार मऊ गोळी कातडीखालीच संपते. सत्तर-ऐंशी किलोच्या चितळाला योग्य ठरणारी गोळी दोनशे-अडीचशे किलोच्या सांबराच्या खांद्यावर अपुरी पडते, ती याच कारणाने. जर्मनीत १९३०च्या दशकात आरडब्ल्यूएस या काडतूस कंपनीने कवचाला आतून अडसर असलेली गोळी काढली. अमेरिकेत जॉन नॉस्लरच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूस हरणाच्या अंगावर फसल्या, तेव्हा त्याने मधे तांब्याची आडवी भिंत असलेली गोळी बनवली आणि १९४८ मध्ये विकायला काढली. पुढचा भाग पसरतो, मागचा भिंतीमुळे अखंड राहून खोल जातो. माझ्या मते या कुळातला सर्वांत शहाणा वंशज हाच, कारण पसरणे आणि खोली या दोन मागण्यांचा समझोता त्याने गोळीच्या रचनेतच केला.

दुसरा आक्षेप जुन्या शिकाऱ्यांचा: गोळी कोणतीही असो, नेम अचूक हवा. डब्ल्यू. डी. एम. बेल याने आफ्रिकेत सात मिलिमीटरच्या रायफलीने शेकडो हत्ती मारले. जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीनंतर भेट मिळालेली रिग्बीही त्याच कॅलिबरची होती. नेमाचे महत्त्व मला मान्य आहे, पण बेलचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. हत्तीच्या कवटीतून मेंदूपर्यंत पोचायचे म्हणून त्याने जाणूनबुजून पूर्ण कवचाची, न पसरणारी गोळी निवडली. नळी तीच ठेवून गोळीची रचना जनावराप्रमाणे बदलायची, हेच तर निवडणे. उलट, .२२ रिमफायरची ४० ग्रेनची गोळी साधारण दीडशे ज्यूलची असते. तिने हरणावर अचूक नेम धरला तरी बहुधा जखमी जनावरच हाती लागते, किंवा तेही लागत नाही.

भारतात या निवडीचा रस्ता कायद्याने आणखी वळवला. .३०३ हे लष्करी कॅलिबर सामान्य नागरिकाला बंद, म्हणून बीएसए कंपनीने ऑस्ट्रियन काडतुसाच्या आधारे .३१५ ची, म्हणजे आठ मिलिमीटरची, शिकारी रायफल इथल्या बाजारासाठी आणली. स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारी आयुध कारखान्यांनीही तीच चालू ठेवली. माळव्यातल्या जुन्या परवानाधारक घरांत आज दिसते ती बहुधा हीच.

शिकारच बंद असताना ही चर्चा कशाला, असेही कोणी विचारील. एक तर शिकार हा इतिहासाचा भाग आहे आणि तो उलटा सांगितला जाऊ नये. दुसरे म्हणजे चोरटी शिकार थांबलेली नाही. मेलेल्या हरणाच्या अंगातला शिशाचा तुकडा आणि कवचाची चीर वाचता आली तर कोणत्या बंदुकीने मारले हे कळते, आणि वनरक्षकाला व शवविच्छेदन करणाऱ्या पशुवैद्याला हे ज्ञान हवे. बाकी निवडीचा प्रश्न कायद्याने निकालात काढला आहे. आज १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ, सांबर, भेकर किंवा काळवीट यांच्या शिकारीसाठी कोणतीच गोळी कायदेशीर नाही, आणि होळकरांची राळामंडळची शिकारगाह १९८९ पासून अभयारण्य आहे.