सुकाळात करायचा हिशेब

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. शाळेच्या संगणकावर मी चार मुलींचे अर्ज भरत बसलो होतो. अर्धा अर्ज भरला की संकेतस्थळ बाहेर काढायचं आणि सांगायचं, पुन्हा लॉगिन करा. पुन्हा पासवर्ड, पुन्हा पहिल्या पानापासून. रात्री बारापर्यंत तीन अर्ज गेले, चौथा राहिला. त्या मुलीचे अब्बा म्हणाले, "जाऊ द्या सर, नशिबात नव्हतं."

मला मात्र ते नशिबाचं काम वाटलं नाही. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात अशा यंत्रणा सांभाळतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, आत नेमकं काय झालं ते बाहेरून सांगता येत नाही. पण बऱ्याचदा कॅश भरली की असं होतं." मी विचारलं, "कॅश म्हणजे पैसा?" तो खूप हसला. मग त्याने जे समजावलं आणि नंतर मी जे वाचलं, त्याचा हा गोषवारा.

ही कॅश पैशाची नव्हे. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ लपवून ठेवणं. आपल्याकडे त्याला चपखल शब्द आहे: जखिरा. वर्तमानपत्रात 'शस्त्रांचा जखिरा' असं आपण वाचतो. शब्द अरबीतून फारसी-उर्दूमार्गे मराठीत आला. पुढे लागेल म्हणून हाताशी ठेवलेला साठा, असा त्याचा अर्थ. संगणकातली कॅश म्हणजे हेच. मूळ माहिती डेटाबेसमध्ये, म्हणजे दूरच्या गोदामात असते. तिथून प्रत्येक वेळी आणायला वेळ लागतो. म्हणून जी माहिती वारंवार मागितली जाते तिची एक प्रत वेगवान स्मृतीत ठेवायची. स्मृती महाग असते, म्हणून तिथे सगळं मावत नाही. किती ठेवायचं, काय काढायचं आणि गर्दी वाढली तर काय करायचं, हा हिशेब म्हणजे क्षमतेचं नियोजन.

हा हिशेब संगणकापेक्षा जुना आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ॲग्नर एर्लांग नावाचा गणिती होता. गावात फोन हजारो, पण सगळे एकाच वेळी बोलत नाहीत. मग तारा किती टाकायच्या? कमी टाकल्या तर लोक ताटकळतील, जास्त टाकल्या तर पैसा वाया. १९०९ मध्ये त्याने या प्रश्नावर पहिला निबंध लिहिला आणि १९१७ मध्ये सूत्रं दिली. दूरसंचारातल्या वर्दळीचं एकक आजही 'एर्लांग' म्हणूनच ओळखलं जातं.

१९६५ मध्ये केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी दोन पानांचा एक लेख लिहिला. मोठ्या संथ स्मृतीपुढे एक छोटी वेगवान स्मृती ठेवावी आणि नुकतीच वापरलेली माहिती तिने आपोआप जवळ बाळगावी, ही कल्पना त्यात होती. १९६८ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० च्या मॉडेल ८५ मध्ये अशी स्मृती बसवली. आकार फक्त १६ किलोबाइट. आज मोबाइलमधला एखादा लहानसा फोटोही त्यात मावणार नाही. तरी ती उपयोगी पडली, कारण कोणताही प्रोग्रॅम एका वेळी थोडीच माहिती पुन्हा पुन्हा चाळत असतो.

त्याच वर्षी पीटर डेनिंग यांनी या 'थोड्या' माहितीला नाव दिलं: वर्किंग सेट, म्हणजे त्या घडीला खरोखर हाताळला जाणारा ऐवज. तो स्मृतीत मावला तर काम सुरळीत चालतं. मावला नाही, तर काम थोडं मंदावत नाही, एकदम कोसळतं. कारण यंत्र सगळा वेळ आणण्या-नेण्यातच घालवतं. आत आणलेलं वापरण्याआधीच बाहेर फेकलं जातं. शेवटच्या दिवशी सगळं ठप्प होतं आणि आदल्या दिवशी काहीच जाणवत नाही, याचं हे एक कारण आहे.

मग पैशाचा प्रश्न. १९८७ मध्ये जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी त्या काळच्या किमती मांडून एक ठोकताळा दिला: जी माहिती साधारण पाच मिनिटांत एकदा तरी लागते ती स्मृतीत ठेवणं परवडतं, त्याहून क्वचित लागणारी डिस्कवर राहू द्यावी. पुढे किमती बदलल्या, आकडे बदलले, पण विचार करण्याची रीत टिकली.

२००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक या तरुणाने चालवलेल्या लाइव्हजर्नल या ब्लॉगांच्या संकेतस्थळावर गर्दी वाढली. त्याच्याकडे अनेक यंत्रं होती आणि प्रत्येकात थोडी स्मृती रिकामी पडून होती. ती सगळी मिळून एक मोठा जखिरा म्हणून वापरण्यासाठी त्याने मेमकॅश्ड लिहिलं. २००९ मध्ये सिसिलीच्या साल्वातोरे सान्फिलिप्पो यांचं रेडिस आलं. एका यंत्राऐवजी यंत्रांचा समूह, म्हणजे क्लस्टर, आता सर्वसाधारण झाला.

समूह आला की वाटणी आली. कोणती माहिती कोणत्या यंत्रावर? सोपी रीत म्हणजे भागाकार करून बाकी पाहायची. पण यंत्रं चाराची पाच केली की ८० टक्के माहितीचा पत्ता बदलतो. म्हणजे मदतीला एक यंत्र वाढवावं आणि जवळजवळ सगळा जखिराच निकामी व्हावा. १९९७ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी यावर तोड काढली. वाटणी अशी केली की पाचवं यंत्र आल्यावर साधारण एक पंचमांश माहितीच हलते. रेडिसच्या क्लस्टरमध्ये वेगळी रीत आहे: १६,३८४ ठरावीक खण आणि ते यंत्रांत वाटून दिलेले. हलवायचे तर हवे तेवढेच खण हलवायचे.

आता एक हिशेब करू. समजा, सेकंदाला १ लाख मागण्या येतात आणि ९९ टक्के मागण्या कॅश भागवते. डेटाबेसवर फक्त १,००० जातात. कॅशचं प्रमाण ९८ टक्के झालं तर? आपल्याला वाटतं एका टक्क्याने काय बिघडतं. पण डेटाबेसवर २,००० गेल्या. ओझं दुप्पट झालं. आता समजा कॅशची चार यंत्रं आहेत आणि एक बंद पडलं. त्याच्या वाट्याच्या २५,००० मागण्या थेट डेटाबेसवर, शिवाय उरलेल्या यंत्रांवरून नेहमीप्रमाणे सुटणाऱ्या ७५०. हजारची सवय असलेल्याच्या डोक्यावर पंचवीस पट भार. तेच वीस छोटी यंत्रं असती तर एक गेल्यावर ५,९५० गेल्या असत्या. म्हणून नियोजन करताना रोजचा दिवस नव्हे, एक यंत्र मेलेला गर्दीचा दिवस धरायचा असतो.

कॅश कोलमडली तर काय होतं ते २३ सप्टेंबर २०१० रोजी फेसबुकने पाहिलं. एक चुकीची सेटिंग मूळ साठ्यात गेली. कॅशमधली प्रत चुकीची दिसली की प्रत्येक यंत्र ती दुरुस्त करायला डेटाबेसकडे धावे. सेकंदाला लाखो प्रश्नांखाली डेटाबेस दबला आणि उत्तर आलं नाही की यंत्रं पुन्हा विचारत. शेवटी संकेतस्थळच बंद करून डेटाबेसला श्वास घेऊ द्यावा लागला. सुमारे अडीच तास गेले. २०१३ मध्ये त्यांच्याच अभियंत्यांनी लिहिलेल्या निबंधात दोन उपाय दिसतात. एकच गोष्ट हजार जण मागत असतील तर गोदामात एकालाच पाठवायचं, बाकीच्यांनी क्षणभर थांबायचं. आणि साधारण एक टक्का यंत्रं बाजूला राखून ठेवायची, मेलेल्याची जागा घ्यायला.

२०११ मध्ये ॲमेझॉनने अशी कॅश भाड्याने द्यायला सुरुवात केली. २०१६ पासून त्यांची केंद्रं मुंबईतही आहेत. आता यंत्र विकत घ्यायला नको, तासाच्या दराने मिळतं. मग नियोजनाची गरज संपली का? नाही. नवं यंत्र येतं तेव्हा रिकामं असतं. त्यात माहिती हलवायची तर दमलेल्या यंत्रांनाच ती पोचवावी लागते. म्हणून वाढ गर्दीच्या आधी करायची, गर्दीत नव्हे. शिवाय स्मृती काठोकाठ भरायची नसते. साठ्याची प्रत काढताना आणि अंतर्गत कामांना जागा लागते. ॲमेझॉनच्या या सेवेत रेडिससाठी मुळातच २५ टक्के स्मृती राखीव ठेवलेली असते. १२ जीबी माहिती ठेवायची तर १६ जीबी घ्यावी लागते आणि दुसरी प्रत हवी तर तेवढीच पुन्हा.

आणि जागा संपली की काय काढायचं, हेही आधी ठरवावं लागतं. विद्यार्थी म्हणाला, "सर, कॉलेजांची यादी काढून टाकली तर परत आणता येते. पण अर्ज भरत बसलेल्या मुलीचं लॉगिन त्याच कपाटात ठेवलं आणि जागेसाठी तेच बाहेर टाकलं, तर ती मुलगी दाराबाहेर." दोन्हींसाठी वेगळी कपाटं ठेवायची, हा साधा उपाय.

हे ऐकताना मला हजरत युसूफ अलैहिस्सलाम यांचा किस्सा आठवत होता. आपण तो स्वप्नाच्या अर्थाचा किस्सा म्हणून सांगतो, पण तो हिशेबाचाही आहे. सात वर्षं सुकाळ, सात वर्षं दुष्काळ. धान्य कणसातच ठेवायचं म्हणजे टिकेल, खाण्यापुरतंच काढायचं आणि दुष्काळातही थोडं राखून ठेवायचं, सगळं संपवायचं नाही. साठा, खर्च, राखीव हिस्सा, तिन्ही त्यात आहेत. आणि हे सगळं सुकाळात ठरलं होतं, दारात रांग लागल्यावर नाही.

शेवटची तारीख वर्षभर आधी माहीत असते. अर्जदार किती, हे मागच्या वर्षीच्या नोंदीत असतं. गर्दी शेवटच्या दोन दिवसांत होते, हे शाळेतला शिपाईही सांगेल. एवढं माहीत असताना जे कोसळतं त्याला नशीब म्हणू नये. त्या मुलीच्या अब्बांना मी हे नंतर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग सर, हा हिशेब करायचं काम कुणाचं होतं?"

ती मुलगी आता अकरावीत आहे. यंदा तिचा अर्ज आम्ही पहिल्याच दिवशी भरला. आमच्या बाजूचं नियोजन आम्ही केलं आहे.