तुती: काढ्यापासून गोळीपर्यंत
मैत्रिणींनो, बीड-जालन्याकडे आपण तुतीचा पाला तोडतो तो रेशमाच्या अळ्यांसाठी. रेशमाची सुरुवात झाली त्या चीनमध्ये हाच पाला औषधातही आला. तिथले वैद्य शेकडो वर्षं खोकल्याला तुतीच्या मुळाची साल आणि तापाला पानांचा काढा देत आले. १९७६ मध्ये जपानी संशोधकांनी मुळाच्या सालीतून एक द्रव्य वेगळं काढलं. भाकरी-भाताची आतड्यात साखर होते, ती क्रिया हे द्रव्य मंद करतं. त्याच धर्तीवर मिग्लिटॉल ही मधुमेहाची गोळी तयार झाली. अमेरिकेत तिला १९९६ मध्ये परवानगी मिळाली. म्हणजे तुती गुणाची खरी, पण पानांच्या चहावर विसंबून आपली गोळी बंद करायची नाही. दोन्ही एकत्र घेतलं तर साखर फार उतरू शकते. म्हणून चहा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारूया.