वृद्धिघटक उपचार, उंदरांतील जीवाणुसंसर्गावरील

अस्थिमज्जेला अधिक पांढऱ्या पेशी तयार करायला लावणारी प्रथिने टोचून जीवाणुसंसर्ग आटोक्यात आणण्याची प्रायोगिक पद्धत. प्रतिजैविक जीवाणूवर थेट घाव घालते. येथे जीवाणूंना गिळणाऱ्या पेशींचे बळ वाढवले जाते.

ही प्रथिने सापडली तीही उंदरांमुळेच. १९६५-६६ मध्ये इझ्राएलमध्ये प्लुझनिक व साक्स आणि मेलबर्नमध्ये ब्रॅडली व मेटकाफ यांनी उंदरांच्या रक्तजनक पेशी अगार या जेलीसारख्या माध्यमात वाढवल्या. सोबत विशिष्ट पेशींचा स्राव असला तरच त्यांचे पुंजके, म्हणजे कॉलनी, धरत. म्हणून त्या स्रावातील द्रव्याला कॉलनी-स्टिम्युलेटिंग फॅक्टर (सीएसएफ) म्हणू लागले. त्यांपैकी न्यूट्रोफिल, म्हणजे जीवाणू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढवणारा जी-सीएसएफ मेलबर्नमध्येच १९८३ मध्ये शुद्ध स्वरूपात मिळाला. मानवी जी-सीएसएफ उंदरातही काम करतो, ही संशोधकांची मोठीच सोय. जीएम-सीएसएफ या दुसऱ्या सीएसएफच्या मानवी रूपाला मात्र उंदराच्या पेशी दाद देत नाहीत.

प्रयोगाची ठरावीक रीत अशी: सायक्लोफॉस्फामाइड हे केमोथेरपीचे औषध देऊन उंदराच्या रक्तातील न्यूट्रोफिल खाली आणायचे, काही दिवस रोज त्वचेखाली जी-सीएसएफ टोचायचा आणि मग जीवाणू सोडायचे. १९८७ मध्ये जपानी संशोधकांनी स्यूडोमोनस, सेराशिया व स्टॅफिलोकॉकस यांच्या संसर्गात असे उंदीर अधिक संख्येने वाचतात हे दाखवले. उलट बाजूचा पुरावा १९९४ मध्ये मिळाला: जी-सीएसएफचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत न्यूट्रोफिल कायमच कमी राहिले आणि लिस्टेरियाचा संसर्ग त्यांना आवरेना.

या यशाकडे जपूनच पाहावे लागते. औषध बहुधा संसर्गाच्या आधी दिलेले असते. रुग्ण मात्र ताप चढल्यावर येतो. शिवाय निरोगी उंदराच्या पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल अल्पसंख्य, तर माणसात निम्म्याहून जास्त. न्यूमोनियाच्या ७५६ रुग्णांवरील चाचणीत (१९९८) प्रतिजैविकांच्या जोडीला जी-सीएसएफ दिल्यावर पांढऱ्या पेशी भरपूर वाढल्या, पण मृत्यू घटले नाहीत. या रुग्णांत न्यूट्रोफिलांचा तुटवडा मुळात नव्हता, हे त्यामागचे सर्वांत पटणारे कारण. जिथे तो तुटवडा असतो, त्या कर्करोगाच्या केमोथेरपीनंतर हेच द्रव्य फिलग्रास्टिम या नावाने १९९१ पासून वापरात आहे.

मज्जारोपणानंतरचे दिवसही असेच धोक्याचे. २०१६ मध्ये रोपण केलेल्या उंदरांना एम-सीएसएफ हा आणखी एक सीएसएफ दिला असता मूळपेशींपासून भक्षकपेशी लवकर तयार झाल्या आणि स्यूडोमोनसच्या संसर्गातून अधिक उंदीर वाचले.