नालबंदाची विद्या

श्रीखंडोबा हे अश्वारूढ दैवत आहे. मणि आणि मल्ल या दैत्यांचा संहार करणारा हा मार्तंडभैरव मराठी माणसाने मनोमन घोड्यावरच पाहिला. देव्हाऱ्यातील टाकावर देव घोड्यावर, भिंतीवरच्या तसबिरीत देव घोड्यावर, आणि नवस फेडताना भाविक देवाला वाहतात तेही घोडेच. अशा दैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार होतो तेव्हा पाथरवट, गवंडी, सुतार व ओतारी यांची आठवण सर्वजण काढतात आणि ती काढलीच पाहिजे. परंतु आपल्या खडकाळ मुलखात घोड्याला लांबची मजल मारता यावी म्हणून त्याच्या पायाखाली लोखंड बसविणारा जो नालबंद, त्याचे नाव कोठे घेतलेले आढळत नाही. इतिहासकारांनीही त्याला फारशी जागा दिलेली नाही. सरदारांच्या घोड्यांची नावे बखरींतून सापडतात, त्या घोड्यांना नाल ठोकणाऱ्यांची सापडत नाहीत.

‘नाल’ हा शब्द अरबी आणि ‘बंद’ म्हणजे बांधणारा हा फारसी. शब्द बाहेरून आले तरी ते मराठीत इतके मुरले की आज ते परके वाटत नाहीत. या कारागिराची खरी किंमत काय होती हे सांगणारी एक चमत्कारिक हकीकत मार्को पोलो या व्हेनिसच्या प्रवाशाने लिहून ठेवली आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो तमिळ देशाच्या किनाऱ्यावर उतरला होता. तेथील राजे इराणी आखाताकडील व्यापाऱ्यांकडून दरसाल हजारो घोडे भारी किंमत मोजून घेत आणि त्यांतले बहुतेक वर्ष संपेपर्यंत मरून जात. कारण घोड्याची निगा राखणारा, त्याच्या पायाची व दुखण्याची जाण असणारा माणूस तेथे नव्हता. पोलो म्हणतो की हे व्यापारी स्वतः बरोबर नालबंद आणीत नसत, आणि दुसरा कोणी तेथे जाऊ लागला तर त्यालाही अडवीत. कारण घोडे जगू लागले तर पुढच्या साली विकावयाचे काय? त्या काळी नालबंद आणि घोडेवैद्य ही कामे पुष्कळदा एकच मनुष्य करी, हे लक्षात घेतले म्हणजे या अडवणुकीचा अर्थ कळतो. व्यापाऱ्यांची ही अक्कल दुष्टपणाची खरी, पण नालबंदाचे मोल त्यांच्याइतके कोणी ओळखले नसेल.

छत्रपती शिवाजी महाराजांनी मात्र ते वेगळ्या रीतीने ओळखले. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या बखरीत पागेची व्यवस्था दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा मिळून एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि नाल या दोन गोष्टी महाराजांनी एका तोलाच्या मानल्या, हे यावरून उघड होते. आता याचा हिशेब मांडून पाहावा. हजारीच्या हाताखाली साडेबाराशे घोडा, म्हणजे पन्नास नालबंद. घोड्याचे चारही पाय धरले तर पाच हजार नाल, आणि प्रत्येक नालास सहा-सात खिळे धरले तर तीस ते पस्तीस हजार खिळे. हे सारे एकदा ठोकून भागत नाही. खूर हे नखासारखे आहे. ते महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढते. त्यामुळे साधारण दीड महिन्याने नाल काढून, खूर तासून, तो पुन्हा बसवावा लागतो, आणि खडकाळ घाटातून दौड झाली तर नाल त्याआधीच झिजून जातो.

पावसाळ्यात फौज छावणीस येई आणि दसऱ्यास मुलूखगिरीला बाहेर पडे. चिखलात भिजून खूर मऊ झालेले असत, त्यात खिळा धड धरत नाही. म्हणून उघडीप पडल्यापासून सीमोल्लंघनापर्यंतचे दिवस हे नालबंदाच्या कामाच्या घाईचे. खंडेनवमीस सरदाराच्या तलवारीबरोबर कारागिराच्या हातोड्याचीही पूजा होते. पुढे मराठी दफ्तरांत ‘नालबंदी’ हा शब्द मोहिमेपूर्वी शिलेदारांस दिल्या जाणाऱ्या आगाऊ रकमेसाठीच रूढ झाला. स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन येणाऱ्या शिलेदाराची तयारी घोड्याच्या पायापासून सुरू होते, हे त्या हिशेबनिसांना ठाऊक होते.

आता ही विद्या प्रत्यक्षात काय होती ते पाहू. पुष्कळांचा समज असा की लोखंडाची पट्टी वाकविली की नाल झाला. तसे असते तर कोणत्याही लोहाराने तो केला असता. नालबंदाचे काम लोखंडापाशी सुरू होत नाही, घोड्यापाशी सुरू होते. तो प्रथम घोडा चालवून पाहतो. पाऊल सरळ पडते की आत-बाहेर, कोणत्या बाजूने नाल अधिक झिजला आहे, टाच आधी टेकते की पुढची कड, हे त्याला कळले पाहिजे. मग पाय उचलून घ्यावयाचा, जुने खिळे उलगडून नाल काढावयाचा आणि वाढलेले खूर वाकड्या पात्याच्या सुरीने व कानशीने सपाट करावयाचे. खुराच्या तळव्यात मध्यभागी जो त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो त्यास फार छाटू नये. घोड्याच्या पायास बसणारे हादरे सोसण्यास त्याची मदत होते. नवशिका येथेच सुरी जास्त चालवितो.

पट्टी किती घ्यावी याचे एक ढोबळ माप आहे. खुराची रुंदी दुप्पट करून त्यात दोन इंच मिळविले म्हणजे पुढच्या पायाच्या नालाची लांबी येते. चार इंच रुंद खुराच्या तट्टास दहा इंच पट्टी पुरे. भट्टीत भात्याचा वारा घालून पट्टी तापविली जाते. लोखंड नुसते लाल असेल तर ते वाकण्यास कुरकुरते. नारिंगी-पिवळ्या रंगावर आले की मेणासारखे ऐकते. आणि पांढरे होऊन ठिणग्या उडू लागल्या की ते जळाले, मग ते कामाचे राहिले नाही. म्हणून भट्टी अंधाऱ्या जागी असावी लागते, उन्हात रंग ओळखता येत नाही. पट्टीचा मध्य आधी ऐरणीच्या शिंगावर वाकवावयाचा, नंतर एकेक बाहू तापवून वळवावयाचा. वाकविताना आतली कड दाटते व बाहेरची ताणली जाते, तेव्हा मधून मधून नाल ऐरणीवर आडवा ठेवून पातळी सारखी करावी लागते. पुढच्या पायाचे खूर गोलसर, मागच्या पायाचे किंचित निमुळते. त्याप्रमाणे घडण बदलते. घोड्याचे अर्ध्याहून अधिक वजन पुढच्या पायांवर असते, म्हणून कित्येक गरीब तट्टूवाले पुढच्या दोनच पायांना नाल मारून घेत.

सर्वांत नाजूक काम भोकांचे. ती खुराच्या कडेपासून नेमक्या अंतरावर पडली पाहिजेत. खुराच्या तळाशी कडेने एक फिकट रेषा दिसते. तिच्या बाहेरचा भाग निर्जीव, आतला सजीव. बाहेर खिळा गेला तर घोड्यास काही कळत नाही; आत गेला तर घोडा लंगडा होतो, आणि पू धरला तर कायमचा जातो. नालाचा खिळा टोकाशी एका बाजूने तिरपा असतो, त्यामुळे ठोकताना तो आपोआप बाहेरच्या अंगास वळून खुराच्या भिंतीतून वर निघतो. तो उलटा धरला तर आत शिरतो. हातोड्याचा आवाज हा नालबंदाचा गुरू होय. खिळा कठीण भागात जात असेल तर टणक नाद येतो, मऊ भागात जाऊ लागला की नाद बद्द होतो, आणि त्या एका ठोक्यातच हात थांबला पाहिजे. टाचेकडील भागात खिळे मारीत नाहीत, कारण वजन पडताच टाच किंचित फाकते; ती जखडली तर खूर आकसते. बाहेर आलेली खिळ्यांची टोके मोडून, वळवून, कानशीने साफ केली की पाय पुरा झाला. असे चार पाय करावयाचे, आणि तेही घोडा उभा असताना.

या साऱ्यात एक नियम असे की नाल पायासाठी घडवावा, पाय नालासाठी कापू नये. हाताने घडविण्याचा खरा लाभ तोच. मोहिमेत दर मुक्कामी भट्टी पेटविण्यास सवड नसे, तेव्हा घडवून बरोबर घेतलेले नाल थंडच ठोकून-वाकवून बसवीत. तेथे नजर आणखी पक्की लागे.

गावगाड्यात नालबंदाची जागा काहीशी वेगळी होती. लोहार हा बारा बलुतेदारांपैकी. तो फाळ, कुळव, विळे करी आणि खळ्यावर बलुते घेई. नालबंद हा रोख पैशाचा कारागीर. पेठेच्या किंवा छावणीच्या गावी राहावे आणि आठवडे बाजार फिरावे, असा त्याचा शिरस्ता. महाराष्ट्रात हा धंदा बहुतांशी मुसलमान कुटुंबांकडे राहिला आणि नालबंद हे आडनाव आजही पुष्कळ गावी भेटते. खेड्यात त्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे बैल. बैलाचे खूर दुभंगलेले, म्हणून एका पायास दोन, अशा आठ पत्र्या लागतात. आणि बैल घोड्यासारखा पाय देत नाही, त्याला दोराने पाडून, पाय बांधून पत्र्या माराव्या लागतात.

देवाच्या दारीही या मंडळींचा वावर असे. खंडोबाला मुसलमान भाविक मल्लूखान म्हणत, आणि जेजुरीस देवाचे घोडे सांभाळण्याचे काम परंपरेने एका मुसलमान घराण्याकडे असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. आळंदीच्या पालखीसाठी बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व पायी येतात, मग पंढरीपर्यंत चालतात व वाटेत रिंगणात धावतात. ही वाट त्यांच्या नालांवरच पार पडते.

१८१८ साली मराठी राज्य गेले आणि पागा मोडल्या. नालबंद तेव्हा संपला नाही. रेल्वे आल्यावर स्टेशनाबाहेर टांगे उभे राहू लागले आणि डांबरी सडकेने नाल अधिकच झिजू लागला. पण लोखंडाची बाजू त्याच्या हातून निसटू लागली होती. सह्याद्रीत धावड लोक गाळीत ते लोखंड विलायती पट्टीपुढे टिकले नाही. अमेरिकेत हेन्री बर्डन याने १८३५ साली नाल घडविणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे सुधारलेले त्याचे यंत्र मिनिटाला साठ नाल पाडू लागले. एक नाल घडविण्यात हाताच्या कारागिराचा जो वेळ जातो त्यात यंत्र शेकड्याने नाल टाकते; या शर्यतीत कोण जिंकणार हे सांगावयास नको. मात्र तयार नाल मोजक्या मापांत येतो, आणि घाईत काम उरकणारा मनुष्य मग खूरच त्या मापास कापतो. जुना नियम असा उलटला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली, त्यानंतर टांगे हळूहळू उठले. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या.

आज माथेरानला मोटारींना बंदी असल्याने घोडे आहेत. सारंगखेड्याच्या व माळेगावच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. उसाच्या हंगामात कारखान्याच्या तळावर बैलांना पत्र्या मारणारे दिसतात. नाल ठोकणारे हात आहेत, पण पट्टीपासून नाल घडविणारे विरळा.

हाताने घडविलेले जुने नाल पाहावयाचे तर ते आता उंबऱ्यावर. फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजाच्या फळ्यांवर आजारी घोड्यांच्या धन्यांनी नवसाने ठोकलेले नाल प्रसिद्ध आहेत. आपल्याकडेही घराच्या व देवळाच्या चौकटीस नाल ठोकण्याची चाल जुनी. जीर्णोद्धारात चौकट बदलते तेव्हा ते मोडीत जातात. तसे होऊ देण्यापूर्वी ते हातात घेऊन पाहावेत. यंत्राच्या नालाची खोबण एकसारखी, भोके एका मापाची आणि दोन्ही बाहू जुळे असतात. हाताच्या नालावर हातोड्याचे चपटे ठसे दिसतात, एक बाहू दुसऱ्याहून थोडा लांब वा जाड असतो, भोकांची अंतरे कमी-जास्त असतात, कारण ती एका विशिष्ट पायासाठी पाडलेली असतात. नाल गोलसर असेल तर तो पुढच्या पायाचा, निमुळता असेल तर मागच्या. आणि पुढची कड झिजून पातळ झालेली असेल, तर तो बाजारातून नवा आणून ठोकलेला नव्हे. घोड्याच्या पायाखाली चालून मग उंबऱ्यावर आलेला आहे.