शुभवर्तमानाची मराठी वाट



कुंडलच्या डोंगरावर पार्श्वनाथाच्या दर्शनास जैन यात्रेकरू येतात. खालीं गांवांत विठ्ठलाचे अभंग म्हटले जातात. दोन्ही परंपरांचे शब्द येथल्या माणसाच्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्या पडत आलेले आहेत. ख्रिस्ती धर्माचें ‘शुभवर्तमान’ मात्र समुद्रापलीकडून आलें. तें मराठी माणसास उमजावें कसें, हा प्रश्न तीनशें वर्षें अनेकांपुढें होता.

प्रथम अर्थ पाहूं. शुभवर्तमान म्हणजे आनंदाची बातमी. लूकानें दिलेला एक दृष्टांत घ्या. धाकटा मुलगा आपला वांटा घेऊन परदेशीं जातो, सर्व उधळतो, उपाशी मरूं लागतो आणि खालमानेनें परत फिरतो. बाप त्याला दुरून पाहतांच धांवत जाऊन मिठी मारतो. जाब विचारीत नाहीं. देवहि असाच आहे, माणूस लायक होईपर्यंत तो थांबत नाहीं, आणि ख्रिस्ताचा वधस्तंभावरील मृत्यु व पुनरुत्थान ही त्या क्षमेची ग्वाही आहे, असा ख्रिस्ती लोकांचा विश्वास. गाभा एवढाच.

हा गाभा आपल्या भाषेंत आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें केला. तो १५७९ सालीं गोव्यास आला. दहा हजारांहून अधिक ओव्यांचें त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें; लिपि रोमन, पण छंद ज्ञानेश्वरांच्या घरचा. पुढें बंगालमधील श्रीरामपूर येथें विल्यम केरीनें पंडित वैजनाथांच्या साहाय्यानें भाषांतर चालविलें व १८११ मध्यें मराठी नवा करार छापला.

परंतु ग्रंथ भाषेंत आला म्हणजे मनांत उतरलाच असें नव्हे. तें काम नारायण वामन टिळकांनीं हातीं घेतलें. १८९५ मध्यें त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत लहान नव्हती. पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशीं कांहीं वर्षें ताटातूट झाली. बापलेकांस जवळ आणणाऱ्या वार्तेनें एक घर दुभंगलें. १९०० सालीं लक्ष्मीबाईंनींहि तो धर्म स्वीकारला.

तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें टिळक सांगत. म्हणून त्यांनीं अभंग व कीर्तन हीं साधनें जवळ केलीं. ज्याला विठ्ठल ‘माउली’ म्हणून ठाऊक आहे, त्याला धांवत येणारा बाप निराळा समजावून सांगावा लागत नाहीं. १९१७ मध्यें मिशनची नोकरी सोडून त्यांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाहि तेथें प्रवेश होता. १९१९ सालीं ते निवर्तले. त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें.

शेजाऱ्याचा धर्म आपण स्वीकारावा असें नाहीं. परंतु तो काय म्हणतो, हें नीट ऐकून घ्यावें. तें ऐकण्याजोगें मराठींत सांगून ठेवणाऱ्यांचें आपल्यावर एवढें ऋण खास आहे.