साळगावचे सूझा आणि ‘प्रोग्रेसिव्ह’ चित्रकार

फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचा जन्म १२ एप्रिल १९२४ रोजी गोव्यात, बारदेशातील साळगाव येथे एका कॅथलिक कुटुंबात झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. वडील शिक्षक होते. मूल काही महिन्यांचे असतानाच ते वारले आणि त्यांच्यामागोमाग मोठी मुलगीही गेली. पुढे या मुलाला देवी आल्या, तेव्हा आईने संत फ्रान्सिस झेवियरला नवस केला की, पोर वाचले तर त्याला धर्मगुरू करीन. पोर वाचले. न्यूटनच्या आधी ‘फ्रान्सिस’ हे नाव लागले ते या नवसामुळे. देवीचे व्रण चेहऱ्यावर जन्मभर राहिले.

नवसाचा दुसरा भाग काही फिटला नाही, पण चर्चने मुलाच्या डोळ्यांना जे दिले ते कायमचे दिले. सोन्याने मढवलेली वेदी, भरतकामाचे झगे घातलेले पाद्री, धुपाचा वास, रंगवलेले लाकडी संत आणि हातापायांत खिळे ठोकलेला ख्रिस्त, या साऱ्याने आपल्याला किती झपाटले होते हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. श्रद्धेपेक्षा त्या वैभवाची आणि वेदनेची ओढ मोठी होती. सूझांच्या चित्रांची मुळे शोधताना पिकासोचे नाव फार लवकर घेतले जाते. साळगावचे चर्च त्याआधी येते.

आई मुंबईत शिवणकाम करून घर चालवी. जेझुइटांच्या सेंट झेवियर्स शाळेतून मुलाला काढून टाकण्यात आले. नंतर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश मिळाला. पण ‘चले जाव’ आंदोलनात भाग घेतल्यामुळे १९४५ मध्ये, पदविका हाती येण्याआधीच, तेथूनही बाहेर पडावे लागले. याच सुमाराचे ‘ब्लू लेडी’ हे चित्र बडोद्याच्या संग्रहालयाने विकत घेतले. काही काळ सूझा कम्युनिस्ट पक्षातही होते.

१९४७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन झाला. सूझा, सय्यद हैदर रझा आणि कृष्णाजी हौळाजी आरा हे तिघे एकत्र आले आणि प्रत्येकाने आणखी एकाला आणायचे ठरले. सूझांनी मकबूल फिदा हुसेन यांना आणले, रझांनी हरी अंबादास गाडे यांना, आणि आरांनी शिल्पकार सदानंद बाकरे यांना. सहाही जण वेगवेगळ्या वाटांनी आले होते. हुसेन पंढरपूरचे, सिनेमाची मोठमोठी जाहिरातचित्रे रंगवून पोट भरत. गाडे विदर्भातले. रझांचे पहिले कलाशिक्षण नागपुरात झाले होते. आरांचा जन्म निजामाच्या राज्यातील बोलारमचा. त्यांनी मुंबईत घरगडी म्हणून काम केले आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगही भोगला.

सूझा ग्रुपचे सचिव आणि लेखणीही. कलाशाळांतून शिकवले जाणारे इंग्रजी वळणाचे हुबेहूब चित्रण त्यांना नको होते, आणि बंगाल शैलीचे हळवे पुराणवैभवही नको होते. १९४९ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात ग्रुपचे प्रदर्शन भरले. मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले. आशय आणि तंत्र या दोन्हींत चित्रकाराला संपूर्ण मोकळीक हवी, हा सूझांचा आग्रह. या तरुणांना आधार मिळाला तो समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन, चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर यांचा. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून आलेल्या या माणसांचे ऋण भारतीय चित्रकलेवर मोठे आहे.

ग्रुप फार काळ टिकला नाही. चित्रे अश्लील ठरवून पोलिसांनी सूझांच्या घरावर छापा घातला आणि १९४९ मध्येच ते लंडनला गेले. रझा पॅरिसला, तर बाकरे लंडनला गेले. वासुदेव गायतोंडे, मोहन सामंत, कृष्ण खन्ना अशी नवी मंडळी जोडली गेली. कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये, म्हणजे पुढे वेशभूषेचे ऑस्कर मिळवणाऱ्या भानू अथैया, यांची चित्रेही ग्रुपच्या प्रदर्शनात लागली. १९५६ मध्ये ग्रुप विसर्जित झाला.

लंडनमधली पहिली वर्षे हलाखीची होती. १९५५ मध्ये स्टीफन स्पेंडर यांनी सूझांचा आत्मकथनपर लेख ‘एन्काउंटर’ मासिकात छापला. त्याच वर्षी गॅलरी वनमध्ये भरलेल्या प्रदर्शनाने त्यांचे नाव झाले. १९५९ च्या ‘क्रुसिफिक्शन’मधला ख्रिस्त काळा, काटेरी आणि दात विचकलेला आहे. हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यात पाखंड पाहणाऱ्यांनी हेही पाहावे की, वेदना सौम्य करून दाखवणे चित्रकाराने नाकारले आहे. गोव्याच्याच आंजेलो द फोन्सेका यांनी याच्या उलट वाट धरली. १९०२ साली जन्मलेले फोन्सेका शांतिनिकेतनात शिकले आणि त्यांनी मेरीला साडी नेसवली. गोव्यातल्या अनेकांना ते रुचले नाही. फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले आणि १९६७ मध्ये पुण्यातच वारले. एकाने ख्रिस्त आपल्या मातीत रुजवला, तर दुसऱ्याने त्याच्या जखमा उघड्या केल्या; दोघांनाही आपल्याच माणसांचा रोष पत्करावा लागला.

१९६७ मध्ये सूझा न्यूयॉर्कला गेले. तिथे चित्रे अखंड चालू राहिली, पण लंडनमधला बोलबाला पुन्हा वाट्याला आला नाही. २८ मार्च २००२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि शिवडीच्या दफनभूमीत मोजक्या लोकांच्या उपस्थितीत दफन झाले. २००८ मध्ये त्यांचे ‘बर्थ’ हे १९५५ चे चित्र लंडनच्या लिलावात सुमारे २५ लाख डॉलरला गेले; आधुनिक भारतीय चित्राला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत होती.