दोघांनाही महाराष्ट्रच हवा होता

निवडणुकीचा इतिहास सांगणारे बहुधा कोण आला नि कोण पडला एवढे सांगून मोकळे होतात. उभे राहिलेल्यांचे म्हणणे काय होते, ते मात्र पत्रकांच्या रद्दीबरोबर वाण्याच्या दुकानी पुड्या बांधायला जाते. तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट बाजूला न सारताच 1957 सालच्या नांदेड-लातूरकडे एकवार वळू या.

त्या साली पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली. तरीही द्विभाषिक मुंबई राज्याच्या 396 जागांपैकी 234 काँग्रेसने जिंकल्या. त्यात गुजरातचा वाटा होता, विदर्भाचा होता आणि आमच्या मराठवाड्याचाही होता. यावरून, मराठवाड्याला मराठीचे प्रेमच बेताचे, असा अर्थ काढणारे तेव्हाही होते. मला तो अर्थ मुळीच मान्य नाही.

मराठवाडा कोठून आला होता, हे आधी पाहावे. निजामाच्या अमलात सरकारी दप्तर उर्दूत चाले. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली, आणि पुरती चार वर्षे लोटण्याआधीच, 1952 साली, हैदराबादच्या विधानसभेसाठी प्रौढ मतदान झाले. ज्याला अक्षरओळख नव्हती त्यानेही बैलजोडी, झाड, हत्ती अशी चित्रे पाहून प्रत्येक उमेदवाराच्या वेगळ्या पेटीत मत टाकले. काँग्रेसला 175 पैकी 93 जागा मिळाल्या. परंतु मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलूख एकत्र बांधणारे हे राज्य राहावे की मोडावे, हा प्रश्न उरलाच. स्वामी रामानंद तीर्थ राज्य मोडण्याच्या बाजूने ठामपणे उभे होते. कम्युनिस्टांनाही भाषावार प्रांत हवे होते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी ते राज्य मोडले. मास्तरकीची खोड म्हणून मी हे नेहमी नकाशा पुढे घेऊन सांगतो. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तोवर बीदर जिल्ह्यात होते, ते त्या दिवशी उस्मानाबाद जिल्ह्यात आले. (लातूरही तेव्हा त्याच जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, स्वतंत्र जिल्हा झाला तो 1982 मध्ये.) द्विभाषिक राज्य म्हणजे पुणेकराच्या ताटातला घास हिरावलेला, उदगीरकराच्या ताटात मात्र पहिला घास पडला होता! एकच राज्य, पण कोणत्या वेशीतून आत शिरलात त्यावर त्याची चव अवलंबून.

तेव्हा 1957 च्या उमेदवारांत महाराष्ट्र हवा की नको, असा वाद नव्हताच. काँग्रेसवाल्यांचे धोरण असे की, मराठी मुलूख एका राज्यात आलाच आहे. आता रस्ते, शाळा, पाणी मिळवावे आणि उरलेले दिल्लीशी भांडण न मांडता साधावे. धर्माबादहून शंकरराव चव्हाण आणि लातूरहून केशवराव सोनवणे याच पक्षातर्फे निवडून आले. समितीचे म्हणणे असे की, मुंबईसह एकभाषिक राज्य आजच हवे, द्विभाषिक ही फसवणूक आहे. कंधारात मात्र भाई केशवराव धोंडगे शेतकरी कामगार पक्षाकडून निवडून आले. त्यांच्या पक्षाचे बळ भाषेइतकेच जमिनीच्या प्रश्नात होते. 1950 च्या हैदराबाद कूळकायद्याने संरक्षित कुळाला जमीन विकत घेण्याचा हक्क दिला खरा, पण कागदावरचा हक्क आणि हातातला नांगर यांत अंतर फार. कुळाच्या घरी ‘मुंबई कोणाची’ यापेक्षा ‘वावर कोणाचे’ हा प्रश्न मोठा.

एक प्रश्न मात्र, माझ्या मते, कोणीच पुरेसा लावून धरला नाही. तो म्हणजे शर्तींचा. 1953 च्या नागपूर करारात मराठवाड्याच्या विकासाकडे विशेष लक्ष देण्याचे आश्वासन होते; त्यावर देवीसिंग चौहानांसारख्या आमच्या पुढाऱ्यांच्या सह्या होत्या. तरी मराठवाड्याने तिला विलीनीकरणाची अट केले नाही. घरच्यांशी कोण करारमदार करतो? मोठ्या मनाचे लोक, हिशेबाला कच्चे.

मिळाले नाही असे नाही. 1958 मध्ये औरंगाबादेस विद्यापीठ झाले. जायकवाडीची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्र्यांच्या हस्ते झाली आणि 1976 मध्ये धरण उभे राहिले. त्यामागे शंकररावांचीच चिकाटी होती. पण 1984 साली दांडेकर समितीने हिशेब मांडला, तेव्हा राज्याच्या सुमारे 3,186 कोटींच्या अनुशेषात मराठवाड्याचा वाटा 750 कोटींचा निघाला. विकास मंडळांची तरतूद घटनेत 1956 पासूनच होती. मंडळे प्रत्यक्षात आली 1994 मध्ये, आणि त्यांची मुदत 2020 मध्ये संपली.

लातूरच्या मतदाराने मात्र वाट पाहत बसण्याचे नाकारले. दोनदा काँग्रेस निवडल्यावर 1967 साली त्याने समाजवादी बापू काळदात्यांना विधानसभेत धाडले; आणि पुढे पाण्याचा प्रश्न इतका चिघळला की 2016 च्या एप्रिलात याच लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले.